कॅश पूल ‘अनमाउंटेबल’ दाखवतोय: अनरेड ६.१२, बीटीआरएफएस, एकच एनव्हीएमई

निळाई
घरच्या सर्व्हरवर अनरेड ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. त्याचा कॅश पूल (सतत लागणाऱ्या फाइलींसाठीची वेगवान डिस्क) माउंट होत नाही, म्हणजे वापरासाठी उघडत नाही. अॅरे (मुख्य डिस्कांचा संच) सुरू केल्यावर मेन पानावर पूलसमोर ‘अनमाउंटेबल: राँग ऑर नो फाइल सिस्टिम’ येतं. खाली फॉरमॅटचं बटण दिसतं, ते अजून दाबलेलं नाही.
रचना अशी: १ पॅरिटी (डेटा डिस्क गेली तर तिचा डेटा परत काढण्यासाठीची डिस्क), ३ डेटा डिस्क (फाइल सिस्टिम एक्सएफएस), कॅशला १ टीबीची एकच एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), तिच्यावर फाइल सिस्टिम बीटीआरएफएस. कॅशवर अॅपडेटा (अॅप्सची सेटिंग्ज आणि डेटा), सिस्टिम आणि डोमेन्स (व्हर्च्युअल मशीनच्या फाइली) हे तीन शेअर, म्हणजे मुख्य फोल्डर आहेत. इमिच (फोटो), प्लेक्स (चित्रपट), नेक्स्टक्लाउड (फाइली) ही अॅप्स आणि एक व्हर्च्युअल मशीन तिथूनच चालतात. फोटोंच्या मूळ फाइली अॅरेवर आहेत, डेटाबेस मात्र कॅशवर.
बिघाडाच्या आधी कंटेनर (ही अॅप्स ज्या डब्यांत चालतात ते) एकेक करून बंद पडले आणि लॉगमध्ये ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असं येत होतं. अॅरे थांबवून पुन्हा सुरू केला, तेव्हापासून हे असं आहे. मशीन रीबूट केलेलं नाही. पुढे काय करावं?

सह्यकडा
रीबूट केलं नाहीत हे फार चांगलं झालं, अजूनही करू नका. अनरेडचा सिसलॉग, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, रॅममध्ये असतो. मशीन बंद झालं की बिघाड नेमका कुठून सुरू झाला याची नोंद जाते. टूल्स, डायग्नॉस्टिक्स, डाउनलोड या वाटेने झिप उतरवून दुसऱ्या संगणकावर ठेवा.
मग सेटिंग्जमध्ये जाऊन डॉकर (कंटेनर चालवणारा) आणि व्हीएम मॅनेजर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा) दोन्ही ‘नो’ करा. हे फार जण विसरतात. कॅश माउंट नसताना डॉकर चालू राहिला आणि शेअरला अॅरेवर लिहायची मुभा असली, तर अॅरेवर दुसरा, रिकामा अॅपडेटा तयार होतो. पुढे खरा अॅपडेटा परत आणला की एकाच नावाच्या फाइली दोन ठिकाणी होतात आणि कंटेनर कुठली वाचतोय ते कळत नाही.
फॉरमॅटच्या बटणाजवळही जाऊ नका. बटणाचा शब्द ‘दुरुस्ती’सारखा वाटतो, पण ते नवी, रिकामी फाइल सिस्टिम घालतं.
झिपमधल्या सिसलॉगमध्ये ‘बीटीआरएफएस एरर’ असलेली पहिली ओळ शोधा आणि तिच्या आधीच्या २० ओळी इथे टाका. शेवटची चूक कमी सांगते, पहिली जास्त. सोबत स्मार्टचा, म्हणजे ड्राइव्हने ठेवलेल्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीचा, अहवालही द्या.

निळाई
लॉग मिळाला. क्रम असा:
‘एनव्हीएमई०: कंट्रोलर इज डाउन; विल रिसेट: सीएसटीएस=०एक्सएफएफएफएफएफएफएफएफ’
मग आय/ओ एररच्या बऱ्याच ओळी, मग ‘फोर्स्ड रीडओन्ली’. अॅरे पुन्हा सुरू केल्यावर ‘पेरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड … वॉन्टेड १८४४०२१ फाउंड १८४४०१७’ आणि शेवटी ‘ओपन सीट्री फेल्ड’.
स्मार्ट: क्रिटिकल वॉर्निंग ०, अव्हेलेबल स्पेअर १०० टक्के, पर्सेंटेज यूज्ड ३१, मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर ०, पॉवर सायकल ८८, अनसेफ शटडाउन ५७.

सह्यकडा
या तीन ओळींत बहुतेक सगळं आलं.
सगळे एफ म्हणजे कंट्रोलरकडून उत्तरच आलं नाही. ड्राइव्ह पीसीआय एक्सप्रेसवरून गळून पडली होती. फाइल सिस्टिम त्यानंतर बिघडली. मीडिया एरर शून्य, स्पेअर पूर्ण, म्हणजे फ्लॅश झिजून मेल्याचं लक्षण नाही. संशय जोडणीवर, वीजपुरवठ्यावर, तापमानावर किंवा ड्राइव्ह गाढ झोपेतून न उठण्यावर घ्यायचा.
क्रिटिकल वॉर्निंग ०x०८ असती तर गोष्ट वेगळी होती. त्याचा अर्थ ड्राइव्हने स्वतःला कायमचं ‘फक्त वाचा’ करून घेतलं. तेव्हा डेटा उतरवायचा आणि ड्राइव्ह बदलायची.
आता वॉन्टेड आणि फाउंड. बीटीआरएफएस जुन्या पानावर लिहीत नाही. बदल नव्या जागी लिहितं आणि शेवटी सुपरब्लॉक (फाइल सिस्टिम कुठून वाचायची ते सांगणारी नोंद) नव्या झाडाकडे, म्हणजे नोंदींच्या नव्या मांडणीकडे वळवतं. प्रत्येक वेळी पिढीचा आकडा एकाने वाढतो. हे दर ३० सेकंदांनी होतं, गरज पडली तर आधीही. तुमच्या सुपरब्लॉकला १८४४०२१ वी पिढी हवी आहे, पण त्या जागी सापडलं ४ पिढ्यांपूर्वीचं पान. ड्राइव्हने ‘लिहून झालं’ असं कळवलं, पण ती पानं तिच्या आतल्या तात्पुरत्या मेमरीतच होती आणि रिसेटमध्ये गेली. मेटाडेटाच्या (कुठली फाइल कुठे आहे त्या नोंदींच्या) दोन प्रती असल्या तरी इथे उपयोग नाही, कारण दोन्ही एकाच कंट्रोलरमागे एकाच क्षणी हरवल्या.
चांगली बाजू अशी की ४ पिढ्या म्हणजे फार तर दोन मिनिटांचं लेखन. त्यामागचं झाड बहुधा शाबूत असेल.

पोफळी
मग सरळ ‘बीटीआरएफएस चेक --रिपेअर’ चालवून मोकळं व्हायला काय हरकत आहे? एक्सएफएसला आपण तसंच करतो ना?

सह्यकडा
हरकत आहे, आणि मोठी आहे. एक्सएफएस रिपेअर हे रोजच्या वापराचं साधन आहे. बीटीआरएफएसच्या ‘रिपेअर’बद्दल त्याच्या स्वतःच्या माहितीपानावरच इशारा दिलेला आहे: जाणकाराने सांगितल्याशिवाय वापरू नका. ते डिस्कवर लिहितं. हरवलेल्या पानाचा चुकीचा अंदाज बांधून लिहिलं, तर आज वाचता येणारा डेटाही उद्या वाचता येणार नाही. ट्रान्सआयडीच्या चुकीत तर हरवलेलं पान कुठेच नाही, ते काय दुरुस्त करणार? ‘--रीडओन्ली’ लावून तपासणी करायला मात्र काही हरकत नाही.
दुसरं साधन ‘रेस्क्यू झिरो-लॉग’. तेही सरसकट चालवू नये. माउंट करताना लॉग (शेवटच्या लेखनाची नोंद) पुन्हा खेळवतानाच अडतंय, म्हणजे संदेशात लॉग ट्री किंवा लॉग रिप्लेचा उल्लेख आहे, तेव्हाच त्याचा उपयोग. तुमच्याकडे तो नाही.

क्रम एकच: आधी न लिहिता वाचून डेटा बाहेर काढायचा, मग कारण दूर करायचं, मग ड्राइव्ह कोरी करून नवी फाइल सिस्टिम घालायची.

आज्ञा देवनागरीत लिहितो, टर्मिनलवर रोमन लहान अक्षरांत टाइप करा. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगतो. अॅरे नेहमीसारखा सुरू ठेवा, कारण डेटा डिस्क १ वर उतरवायचा आहे. डॉकर आणि व्हीएम बंदच. रूटखाली ‘टेम्प’ नावाचा फोल्डर करा आणि या क्रमाने प्रयत्न करा:

माउंट -ओ आरओ,रेस्क्यू=यूजबॅकअपरूट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी१ /टेम्प
माउंट -ओ आरओ,रेस्क्यू=नोलॉगरिप्ले /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी१ /टेम्प
माउंट -ओ आरओ,रेस्क्यू=ऑल /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी१ /टेम्प

शेवटचं ‘पी१’ विसरू नका, फाइल सिस्टिम पार्टिशनवर असते. पहिली आज्ञा चालली तर तिसरीकडे जायचंच नाही. ‘ऑल’ डेटाचे चेकसम (मजकूर बदलला का ते ओळखायचे आकडे) तपासत नाही. नासलेली फाइलसुद्धा तक्रार न करता कॉपी होते आणि कुठली नासली ते कळायला मार्ग राहत नाही. आधीच्या दोन पर्यायांत नासलेल्या फाइलवर आय/ओ एरर येतो. तो अडथळा वाटतो, पण तीच तुमची यादी असते.

निळाई
पहिल्या दोन्ही आज्ञांना ‘राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक’ असं उत्तर आलं. तिसरी चालली. अॅपडेटा, सिस्टिम, डोमेन्स तिन्ही फोल्डर दिसतात. आता साध्या ‘सीपी’ने कॉपी करू का? डोमेन्समधली व्हीडिस्क (व्हर्च्युअल मशीनची डिस्क) फाइल २०० जीबीची दिसते, पण आत भरलेलं जेमतेम ६० जीबी आहे.

तारवाला
साधं ‘सीपी’ नको. मालकी आणि परवानग्या गेल्या तर डेटाबेसचे कंटेनर उठत नाहीत. आरसिंक हे कॉपीचं साधन वापरा:

आरसिंक -एएचएक्सएस --इन्फो=प्रोग्रेस२ /टेम्प/ /एमएनटी/डिस्क१/वाचवलेलं/ २> /बूट/चुका.टीएक्सटी

पर्यायांतला पहिला ‘ए’ लहान, नंतरचे एच, एक्स, एस मोठे. फोल्डरचं नाव रोमनमध्येच द्या. मोठ्या ‘एस’मुळे पोकळ फाइल पोकळच राहते, म्हणजे २०० जीबीची व्हीडिस्क डिस्क १ वर ६० जीबीच व्यापेल. ‘२>’मुळे चुका पेनड्राइव्हवरच्या फाइलमध्ये जमा होतात.
लक्ष्य ‘/एमएनटी/डिस्क१’ असू द्या. एकाच आज्ञेत एका बाजूला ‘यूजर’ आणि दुसऱ्या बाजूला ‘डिस्क’ किंवा ‘कॅश’ कधीही देऊ नये. दोन्ही वाटा एकाच फाइलकडे जात असतील तर ती स्वतःवरच लिहिली जाऊन शून्य बाइटची होते.
डॉकरची इमेज फाइल मात्र वगळा. ती वाचवण्यात अर्थ नाही, पुन्हा बनते. लिबव्हर्टची इमेज घ्या, साधारण १ जीबीची असते आणि व्हर्च्युअल मशीनच्या व्याख्या तिच्यात असतात.

सह्यकडा
तारवालांच्या यादीत एक भर. माउंट कशानेच झालं नसतं, तर ‘बीटीआरएफएस रिस्टोर’ हा पुढचा मार्ग. ते माउंट न करता पार्टिशनमधून फाइली उपसतं आणि मूळ डिस्कवर काही लिहीत नाही. आधी मोठा ‘-डी’ लावून कोरडा फेरा घ्या, काय मिळणार ते नुसतं दिसतं. प्रत्यक्ष फेऱ्यात ‘-आय’ म्हणजे चुकीवर थांबू नको, ‘-एम’ म्हणजे मालकी, परवानगी आणि वेळ राखून ठेव, मोठा ‘-एस’ म्हणजे सिमलिंक घे. ‘-एम’ विसरला तर सगळ्या फाइली रूटच्या नावावर येतात. तेवढ्यानेही नाही भागलं तर ‘बीटीआरएफएस-फाइंड-रूट’ने जुन्या मुळांचे आकडे काढायचे आणि मोठ्या पिढीपासून खाली येत एकेक आकडा रिस्टोरला ‘-टी’ने द्यायचा.

रानजाई
माझ्याकडे कॅशला दोन एसएसडी आहेत, रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. त्यातली एक मधेच गळून परत आली तर काय करायचं? स्क्रब (सगळा डेटा वाचून चेकसमशी ताडणं) चालवला की पुरे ना?

सह्यकडा
बहुतेक पुरे, पण एक खाच आहे. आधी ‘बीटीआरएफएस डिव्हाइस स्टॅट्स /एमएनटी/कॅश’ पाहा. प्रत्येक ड्राइव्हचे पाच आकडे येतात: लेखन, वाचन, फ्लश, करप्शन आणि जनरेशन. गळून आलेल्या ड्राइव्हचे लेखनाचे आकडे मोठे दिसतील. केबल बदला, स्मार्टमधला १९९ क्रमांक वाढत असेल तर दोष केबलचा असतो. मग स्क्रब चालवा. सगळ्या चुका ‘करेक्टेड’ आणि ‘अनकरेक्टेबल ०’ आलं की ‘-झेड’ लावून आकडे शून्य करा, म्हणजे पुढची नवी चूक लगेच डोळ्यांत भरेल.
खाच ही: सिस्टिम आणि डोमेन्स या शेअरना अनेक जुन्या मांडण्यांत ‘कॉपी ऑन राइट: नो’ आहे, म्हणजे बदल नव्या जागी न लिहिता जुन्याच जागी लिहिले जातात. अशा फाइलींना चेकसम नसतो. स्क्रबला दोन प्रतींतली ताजी कुठली ते कळत नाही, तो त्यांना हातच लावत नाही. मग व्हीडिस्क वाचताना कधी नवी प्रत येते, कधी शिळी, आणि आतली विंडोज किंवा लिनक्स आठवड्याभराने कोसळते. तेव्हा ड्राइव्ह गळली होती एवढं कळल्यावर डॉकरची इमेज नव्याने बनवा आणि व्हीडिस्क बॅकअपमधून आणा. शेअरचं सेटिंग ‘ऑटो’ करून ठेवा. ते फक्त नव्या फाइलींना लागू होतं, जुन्या बाहेर हलवून परत आणाव्या लागतात.
आणि गळलेली ड्राइव्ह परत जोडताना ‘या ड्राइव्हवरचा सगळा डेटा पुसला जाईल’ असा इशारा दिसला तर अॅरे सुरू करू नका. आधी इथे विचारा.

निळाई
कॉपी झाली. चुकांच्या फाइलमध्ये ११ ओळी आहेत. ९ प्लेक्सच्या पोस्टर-चित्रांच्या, १ प्लेक्सच्या मुख्य डेटाबेसची, १ इमिचच्या पोस्टग्रेस (डेटाबेस) फोल्डरमधली. ड्राइव्ह पुसण्याआधी आणखी काही वाचवायचं राहिलंय का?

तारवाला
ताई, पुसण्याआधी वाचवलेल्या फोल्डरचा आकार ‘डीयू’ने मोजा, शेअरनुसार टेम्पशी ताडून पाहा. दोन-चार छोट्या फाइली उघडून बघा. मगच पुढे.

दोष दूर करणं आधी. मशीन बंद करून एनव्हीएमई काढा, संपर्कपट्टी तपासा, परत नीट बसवून स्क्रू लावा. हीटसिंकखालची थर्मल पट्टी जागेवर आहे ना ते पाहा. मदरबोर्डच्या खाचेऐवजी स्वस्त अॅडॉप्टर कार्डात बसवली असेल तर ते आधी बाजूला काढा. ड्राइव्ह आणि बायोस दोन्हींचं फर्मवेअर पाहा.
मग मेन पानावर फ्लॅशवर क्लिक करून सिसलिनक्स कॉन्फिगरेशनमध्ये जा. ‘अपेंड’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘इनिटआरडी=/बीझेडरूट’च्या आधी हे दोन घाला:

एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०
पीसीआयई_एएसपीएम=ऑफ

पहिल्याने ड्राइव्ह गाढ झोपेच्या अवस्थांत जात नाही, दुसऱ्याने पीसीआय एक्सप्रेसची वीजबचत बंद होते. वीज थोडी जास्त जाते, पण कंट्रोलर गळण्याच्या कित्येक तक्रारी एवढ्यावर थांबतात. रीबूटनंतरच लागू होतं.
मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी, हीही एक रात्र चालवा. रॅमचा एक बिट उलटला तरी बीटीआरएफएसला चेकसमची चूक दिसते आणि माणूस ड्राइव्ह बदलत बसतो. एकही चूक आली तर रॅम बदलेपर्यंत नवी फाइल सिस्टिम घालू नका. रॅमला एक्सएमपी (जास्त वेगाचं सेटिंग) लावलं असेल तर ते बंद करून पुन्हा चाचणी घ्या.

आता पुसणं. अॅरे थांबवा आणि ‘ब्लॉकडिस्कार्ड -एफ /डेव्ह/एनव्हीएमई०एन१’ चालवा. इथे मात्र ‘पी१’ नको, अख्खी ड्राइव्ह द्यायची. त्याआधी ‘एलएसबीएलके’ने नाव दोनदा ताडा. रीबूटनंतर ०चं १ झालेलं असू शकतं आणि इथून परतीची वाट नाही. मग अॅरे सुरू करा, पूल अनमाउंटेबल दिसेल, फॉरमॅटच्या खुणेशेजारी ड्राइव्हची यादी येईल. त्या यादीत फक्त ही एकच एनव्हीएमई असेल तरच फॉरमॅट.
परत आणताना तोच आरसिंक उलट दिशेने. अॅपडेटावर ‘न्यू परमिशन्स’ हे साधन चुकूनही चालवू नका, पोस्टग्रेस आणि मारियाडीबी हे दोन्ही डेटाबेस आडून बसतात.
डॉकर सुरू केला की नवी इमेज तयार होईल, मुळात २० जीबीची. आधी स्वतः बनवलेली डॉकर नेटवर्कं असतील ती त्याच नावाने बनवा, मग अॅप्स, प्रीव्हिअस अॅप्समधून सगळे कंटेनर एकदम निवडून बसवा. टेम्प्लेट पेनड्राइव्हवर असतात, त्यामुळे पोर्ट आणि वाटा परत भराव्या लागत नाहीत.

अश्मक
डेटाबेसबद्दल. ज्यांच्या नावाची चूक आली नाही तेही शंकास्पद धरा, कारण माउंट ‘ऑल’ने केलं होतं.
प्लेक्स: मुख्य डेटाबेसच्या फोल्डरमध्येच तारीख लावलेल्या प्रती असतात, मुळात दर ३ दिवसांनी बनतात. कंटेनर बंद ठेवून सर्वांत नवी प्रत मूळ नावाने ठेवा आणि शेजारच्या ‘-डब्ल्यूएएल’ व ‘-एसएचएम’ फाइली बाजूला काढा. त्या राहिल्या तर जुन्या डेटाबेसचे बदल नव्यावर चढतात आणि तो पुन्हा नासतो. इतर एसक्यूलाइट (एका फाइलीतल्या डेटाबेसच्या) फाइलींवर ‘प्रॅग्मा इंटिग्रिटी_चेक’ चालवा, ‘ओके’ आलं नाही तर ‘.रिकव्हर’ने नवी फाइल काढा.
इमिच: पोस्टग्रेसचा फोल्डर दुरुस्त करत बसू नका. इमिच रोज रात्री २ वाजता डेटाबेसचा डंप (संपूर्ण नक्कल) घेऊन अपलोडच्या जागेतल्या ‘बॅकअप्स’ फोल्डरमध्ये ठेवतं, मुळात शेवटचे १४. ती जागा तुमच्याकडे अॅरेवर आहे, म्हणजे डंप सुरक्षित आहेत. पोस्टग्रेसचा डेटा फोल्डर रिकामा करून कंटेनर उठवा, डंप भरा, मग इमिच सुरू करा. इमिचची आवृत्ती डंप घेतानाचीच ठेवा, अपडेट नंतर.
नेक्स्टक्लाउडची मारियाडीबी उठली नाही, तर ‘इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी’ १ पासून एकेक वाढवत जा. उठली की लगेच डंप घेऊन नव्या, कोऱ्या डेटाबेसमध्ये भरा. ४ आणि वरचे आकडे डेटा कायमचा बिघडवू शकतात, म्हणून तिथे जाण्याआधी फोल्डरची प्रत.

पोफळी
एक्सएफएसचा कॅश असेल तर काय वेगळं?

तारवाला
पुष्कळ सोपं. अॅरे मेंटेनन्स मोडमध्ये, ड्राइव्हच्या नावावर क्लिक, चेकमध्ये आधी ‘-एन’ने नुसतं पाहणं, मग ‘-एन’ काढून दुरुस्ती. लॉग खेळवता येत नाही म्हणून अडला तर मोठा ‘-एल’, शेवटचं थोडं लेखन जातं. ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये नावं गेलेल्या फाइली सापडतात. टर्मिनलवरून करताना पार्टिशनऐवजी अख्खी ड्राइव्ह दिली तर ते दुय्यम सुपरब्लॉक शोधत तासन्‌तास ठिपके छापत बसतं. पण एक्सएफएस डेटाचे चेकसम ठेवत नाही. दुरुस्ती झाली म्हणजे फाइलींचा मजकूर बरोबर आहे असं समजू नका.

रानजाई
झेडएफएस ही तिसरी फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांसाठीही एक ओळ लिहा.

सह्यकडा
‘झेडपूल इम्पोर्ट -ओ रीडओन्ली=ऑन’ने आधी डेटा काढा. तेही अडलं तर मोठा ‘-एफ’ काही व्यवहार मागे जाऊन पूल उघडतो. त्याला आधी ‘-एन’ जोडून जमेल का ते पाहा. ‘झेडपूल स्टेटस -व्ही’ नासलेल्या फाइलींची नावं सांगतं, ती फार मोठी सोय आहे.

तारवाला
निळाईताई, अनसेफ शटडाउन ५७ हा आकडा मला सलतोय. ८८ वेळा सुरू झालेल्या ड्राइव्हला ५७ वेळा नीट निरोप मिळालेला नाही. सर्व्हर घरच्या इन्व्हर्टरवर आहे का? असेल तर मागचा स्विच ‘यूपीएस मोड’वर आहे का पाहा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला जास्त वेळ लागतो आणि व्होल्टेज बरंच खाली उतरेपर्यंत इन्व्हर्टर बॅटरीवर जात नाही, पंख्याला चालतं, सर्व्हरला नाही. शिवाय इन्व्हर्टर सर्व्हरला काही कळवत नाही, बॅटरी संपली की थेट अंधार. मधे यूएसबी केबलवाला छोटा यूपीएस लावा आणि सेटिंग्ज, यूपीएसमध्ये बॅटरीवर काही मिनिटं गेली की बंद हो असं सांगा.
डिस्क सेटिंग्जमधला शटडाउन टाइमआउट मुळात ९० सेकंद असतो. व्हर्च्युअल मशीनला थांबायला ६० सेकंद दिले असतील आणि वर दहा-बारा कंटेनर असतील तर ९० पुरत नाहीत. १८० करा आणि यूपीएस त्याहून बराच जास्त वेळ टिकतो याची खात्री करा.

निळाई
स्विच साध्या मोडवरच होता, बदलला. यूपीएस मागवला आहे. मेमटेस्ट ४ फेऱ्या, ० चुका. दोन्ही बूट पर्याय घातले, ड्राइव्ह पुसून फॉरमॅट केली, अॅपडेटा परत आणला. प्लेक्स ३ दिवसांपूर्वीच्या प्रतीवर उठलं, इमिच रात्रीच्या डंपवरून. नेक्स्टक्लाउड काही न करता उठलं, तरी डंप घेऊन कोऱ्या डेटाबेसमध्ये भरला. व्हर्च्युअल मशीन चालू होते, तिच्या आत फाइल सिस्टिमची तपासणी अजून करायची आहे. पुढे असं काही झालं तर वेळेवर कसं कळेल?

सह्यकडा
यूजर स्क्रिप्ट्स प्लगइनमध्ये तासातून एकदा ‘बीटीआरएफएस डिव्हाइस स्टॅट्स -सी /एमएनटी/कॅश’ चालवा. एकही आकडा शून्याबाहेर गेला की ‘-सी’मुळे आज्ञा चूक परत करते, तेव्हा नोटिफिकेशन पाठवायचं. महिन्यातून एक स्क्रब. एकाच ड्राइव्हवर तो डेटा दुरुस्त करणार नाही, पण नासलेल्या फाइलचं नाव सिसलॉगमध्ये येईल.
अॅपडेटा बॅकअप प्लगइन बसवा, आठवड्यातून एकदा, लक्ष्य अॅरे. स्नॅपशॉट (फाइल सिस्टिमच्या त्या-त्या क्षणाच्या प्रती) त्याच ड्राइव्हवर असतात, ड्राइव्ह गळली की तेही गळतात.
सिसलॉग सर्व्हरमध्ये ‘मिरर टू फ्लॅश’ महिनाभर चालू ठेवा. कंट्रोलर पुन्हा गळला तर रीबूटनंतरही नोंद सापडेल. पेनड्राइव्हवर सतत लिहिलं जातं, म्हणून महिन्यानंतर बंद करा. डिस्क १ वरचा ‘वाचवलेलं’ फोल्डर तोवर पुसू नका.